अनुसयानं धरलेली भिंत

त्या गुरुवारी हॉस्पिटलात अनुसयानं डोळे उघडले, मला ओळखलं आणि पहिलं काय विचारलं असेल? माझं जेवण नाही, नातीची शाळा नाही. म्हणाली, "अहो, भिंतीला घाम आलाय का?" चार दिवस ख्राइस्टचर्चवर नुसती झड लागली होती, थंडी हाडात शिरत होती. मी म्हणालो, आपण इथं, भिंत तिथं, मला काय ठाऊक. तर म्हणते, "मग इथं बसून काय करताय? जा, बघून या." नाकात नळी, हातात सुई, आणि मला कामाला लावते! पोरगा संतोष तिथंच होता, त्यानं गाडी काढली. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. आल्यावर मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "कोरडी आहे. खडखडीत." तिनं डोळे बारीक करून विचारलं, "हाताची पालथी बाजू लावून बघितली का?" म्हटलं, "लावली." "मग ठीक," म्हणाली. आमचं शेवटचं बोलणं ते. शुक्रवारी सकाळी मी दाढीला साबण लावून उभा होतो तेव्हा संतोषचा फोन आला... फोन सुनेनं घेतला. तिनं येऊन माझ्या हातातला दाढीचा ब्रश काढून घेतला, तेव्हा मला कळलं.

त्याला आज सात आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीसाठी लिहा म्हणून सांगणं आलं तेव्हा मी म्हणालो, माझं शिक्षण चौथी, मला सजवून लिहिता येत नाही. पण सून मेधा म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलता तसं लिहा, टाईप मी करते." तेव्हा अक्षरं माझी, ऱ्हस्वदीर्घ तिचे. आणि आधीच सांगतो, रडगाणं लिहायला मी बसलेलो नाही. रडायचं ते मी रडतो, त्याला पुरवणी लागत नाही. माझी बायको जिंकून गेली, ती कशी जिंकली एवढं सांगायचं आहे.

मी गवंडी. चाळीस वर्षं पुण्यात बिल्डिंगा बांधल्या, सगळ्या सिमेंटच्या. अनुसयाच्या माहेरी चुन्याची भट्टी होती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तळहाताला चुन्यानं चिरा पडलेल्या होत्या, माझी आई म्हणाली होती, ही पोरगी हातानंच म्हातारी आहे. माझ्या बरोबरीनं तिनं साइटवर घमेली वाहिली, पण सिमेंटबद्दल तिला कधी माया वाटली नाही. मी गिलावा करून लांबून बघत उभा राहिलो की मागून म्हणायची, "दगड घातलाय नुसता. भिंतीनं श्वास कुठून घ्यायचा?" मी म्हणायचो, भिंत काय म्हैस आहे का? चाळीस वर्षं हे भांडण चाललं आणि चाळीस वर्षं माझंच खरं झालं, कारण चुना मागणारं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. तिची विद्या तिच्या हातातच पडून राहिली.

दोन हजार अकराच्या भूकंपानं न्यूझीलंडमधलं हे ख्राइस्टचर्च पाडलं आणि उभं करायला जगभरातून इंजिनियर बोलावले, त्यात आमचा संतोष आला. तीन वर्षांनी त्यानं आम्हाला आणलं. शहराबाहेर, बंदराकडच्या डोंगराच्या पोटात एक लहान वस्ती आहे, तिथं घर. इथं शेजारी कोण ते गाडीच्या रंगावरून ओळखायचं, माणूस दिसतच नाही. अनुसया मात्र चालत फिरायची. पायात मोजे, त्यावर जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, साडीवर संतोषचं जुनं जॅकेट, आणि डेअरीतून दूध आणायला निघायची. इथं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, तिथं म्हैस बघायला मिळत नाही म्हणून ती पहिले दोन दिवस नाराज होती. त्या डेअरीसमोर एक जुना हॉल. एका गुरुवारी आतून गाणं ऐकू आलं म्हणून ही दुधाची बाटली घेऊन सरळ आत जाऊन बसली. तासाभरानं मी शोधत गेलो तर नऊ म्हातारी माणसं गोल करून गाताहेत, आणि दहावी आमची, मांडीवर बाटली ठेवून मान डोलावते आहे.

ती आयरिशबुवाची सोसायटी. बुवा हे नाव अनुसयाचं. खरं नाव कॉर्मॅक. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडहून बोटीनं आला, बंदरावर हमाली केली, गाणी रचली आणि चित्रं काढली. जो गातो, रचतो आणि एकटा राहतो तो आपल्याकडे बुवाच की. बायको नाही, पोर नाही. मागं ठेवलं काय, तर एक तोंडानं वाजवायचा बाजा, दोन ब्रश, फाटकी वही आणि त्या हॉलची एक अख्खी भिंत. भिंतीवर त्यानं समुद्र काढला होता, बोट, ओझी उचलणारी माणसं, वर समुद्रपक्षी. आणि लाटांच्या खालून निळ्या अक्षरांत त्याची गाणी लिहीत गेला होता. सोसायटीचं काम एवढंच, की दर गुरुवारी ती गाणी म्हणायची आणि ती भिंत सांभाळायची. त्यांच्या अध्यक्षीणबाई मॅगी, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज शाळामास्तरणीचा. एका गाण्याचं शेवटचं कडवं त्यांना कुणालाच येत नव्हतं. वहीचं पान फाटलेलं आणि भिंतीवरची अक्षरं ओलीनं काळी पडून कधीच गेलेली. तिथं आले की सगळे नुसते गुणगुणायचे. अनुसयाला ते फार लागलं. घरी येताना म्हणाली, "जेवायला बसवून शेवटचा भात वाढायचा राहिलाय."

भूकंपात भिंत उभी राहिली, पण गिलावा आतून सुटला. जागोजागी फुगे आले. सरकारी इन्स्पेक्टरनं मुदत दिली, पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत गिलावा पक्का करा, नाहीतर हॉल पाडायचा. एक तज्ज्ञ आला तो म्हणाला, फोटो काढून ठेवा आणि पाडा. आमचा संतोषही तेच म्हणाला. म्हणाला, "आई, बाहेरून लाकडाचा टेकू मी देईन, ते सोपं आहे. पण गिलावा आतून गेलाय, तो नाही धरत आता." अनुसया उठली, भिंतीजवळ गेली. मधल्या बोटानं टकटक करत इकडून तिकडे गेली, जणू कलिंगड निवडते आहे. मग खाली वाकली, बोट ओलं करून भिंतीवर फिरवलं आणि चाटलं. नऊच्या नऊ गोरी माणसं श्वास रोखून बघत राहिली. शंभर वर्षांचा त्यांचा ठेवा ही बाई चाटते आहे! मॅगीबाईंचा हात छातीवर गेला. अनुसया थुंकून म्हणाली, "खारट आहे. मेधा, विचार यांना, खाली सिमेंट कुणी लावलं?"

मेधानं विचारलं आणि सगळे मॅगीबाईंकडे बघायला लागले. भिंतीच्या तळाशी गुडघाभर उंचीचा सिमेंटचा पट्टा होता. वीस वर्षांपूर्वी मॅगीबाईंच्या नवऱ्यानं, डेसनं, ओल थांबावी म्हणून स्वतःच्या हातानं घातलेला. डेस वारला होता. मॅगीबाई लाल होऊन म्हणाल्या, माझा नवरा सहा शनिवार गुडघ्यांवर बसून ते काम करत होता. अनुसया म्हणाली, "सांग तिला, माया होती म्हणून केलं, पण खालून पाणी कोंडलं आणि ते वर चढलं. भिंत वीस वर्षं रडतेय." मेधानं ते इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे. मॅगीबाई उठून बाहेर गेल्या.

आता माझं सांगतो. हे मी आपल्या तोंडानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, बाई काहीतरी जुनं घेऊन बसली आहे, चाळीस वर्षांचा गवंडी मी आहे की ती? वरच्या बाजूला एका पक्ष्याच्या पंखाला लांब चीर गेली होती. हॉलची किल्ली डेअरीवाल्याकडे असायची. एका मंगळवारी दुपारी मी किल्ली घेतली, शिडी लावली आणि चिरेत सिमेंट भरलं, छान रंधा मारून गुळगुळीत केलं. मनात म्हणालो, धरलं की दाखवीन सगळ्यांना. तीन आठवडे पाऊस झाला. चौथ्या गुरुवारी गाणं चालू असताना धप् आवाज झाला आणि माझं सिमेंट खाली पडलं... एकटं नाही, पक्ष्याचा अख्खा पंख घेऊन पडलं. त्याचा चुरा झाला. सगळे उभे राहिले. मॅगीबाईंनी विचारलं, हे कुणी केलं? मी खाली वाकून चुरा गोळा करायला लागलो. अनुसयानं जमिनीवरचा तुकडा उचलला, वास घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं. मग तिला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी गोळा करून म्हणाली, "वुई. वुई डिड. सॉरी." आम्ही केलं म्हणाली. मी केलं होतं. आज लिहितो, ते माझं काम होतं, तिचं नव्हे.

घरी आल्यावर मला वाटलं आता बोलणी खायची. तिनं चहा टाकला, कप पुढं ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही पडलात सिमेंटवाले. उद्यापासून माझ्या हाताखाली काम करायचं. घमेलं तुम्ही उचलायचं." लग्नानंतर प्रथमच ती गवंडी झाली आणि मी बिगारी.

दुसऱ्या दिवशी मॅगीबाई स्वतः आमच्या दारात आल्या. मला वाटलं, सोसायटीतून काढायला आल्या. त्या म्हणाल्या, "सांगा ॲनाला, डेसचा पट्टा काढा. पण मी तिथं हजर असेन." अनुसयाला त्या ॲना म्हणायच्या. अनुसयानं त्यांना आत घेतलं आणि पोहे खायला घातले, हिरवी मिरची न काढता. बाईंनी डोळ्यातून पाणी काढत सगळे खाल्ले.

मग चुना शोधायची वरात निघाली. सोसायटीतला एक मेंढपाळ म्हातारा टेड, त्यानं शेतात टाकायच्या चुन्याची पोती आणली. हिनं चिमूट उचलून परत टाकली, "हा भाजलेला नाही, नुसता दगडाचा भुगा." शेवटी टेडनं लांबच्या एका खाणीतून कळीचा चुना आणला. हॉलमागं त्याचा जुना लोखंडी न्हाणीचा टब ठेवला आणि हिनं त्यात चुना विझवला. पाणी पडताच तो खदखदायला लागला, वाफेचे लोट उठले, टेड दहा पावलं मागं पळाला आणि ही पदर खोचून काठीनं ढवळत उभी. चुना पाण्याखाली महिने मुरवला. भारतीय दुकानातून गूळ आणला, मेथी आणली, त्याचं पाणी घातलं. टेडनं विचारलं, भिंत बांधतोय की केक करतोय? अनुसया म्हणाली, "सांग त्याला, उरलं तर खायला देईन."

मुरलेला चुना वाळूबरोबर कुटावा लागतो, तासन्‌तास, लाकडी मोगऱ्यांनी. तिनं नऊही म्हाताऱ्यांना गोल बसवलं. हात एका लयीत पडायला हवेत म्हणून म्हणाली, बुवाचं गाणं म्हणा. ती माणसं बुवाची गाणी मयताला बसल्यासारखी म्हणायची, लांब, रडकी. मोगरी पडायला लागली तसं गाणं पळायला लागलं. दोन कडव्यांत सगळ्यांचे चेहरे बदलले. मॅगीबाई थांबल्या, धापा टाकत म्हणाल्या, "हा हमाल होता. ही ओझी उचलताना म्हणायची गाणी आहेत. तीस वर्षं आम्ही चुकीची म्हणतोय." आणि टेड म्हणाला, "स्वीट ॲज! पुन्हा." आपल्या 'झकास'ला इथं तसं म्हणतात. त्या दिवसापासून त्या सोसायटीत कुणी रडकं गायलेलं मी ऐकलं नाही.

फुग्यांच्या आत चुना भरायचा प्रश्न होता. मेंढ्यांना औषध पाजायची टेडची मोठी पिचकारी होती, ती कामाला आली. बारीक छिद्रातून पातळ चुना आत सोडायचा, वर फडकं धरून तळहातानं दाबून राहायचं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलायचं नाही. पूर्ण हिवाळा आणि वसंत आम्ही त्या भिंतीला हात लावून उभे होतो. लांबून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही दहा-बारा म्हातारी माणसं भिंत ढकलताहेत की काय. अनुसया मागून टकटक करत यायची. आवाज भरीव आला की पाठीवर थाप मारायची, पोकळ आला की मला म्हणायची, "अहो बिगारी, लक्ष कुठं आहे?"

डेसचा पट्टा काढायचा दिवस आला. मॅगीबाई खुर्ची टाकून समोर बसल्या. अनुसयानं छिन्नी मारली नाही. थापीचं पातं फटीत घालून हळूहळू हलवत राहिली. चुन्याला सिमेंट धरतच नाही, ते निघालं अख्ख्या लादीसारखं. मी आणि टेडनं ती उचलून पालथी ठेवली... आणि टेडनं शिवी हासडली. लादीच्या पाठीला निळा रंग चिकटून आला होता. भिंतीवरची अक्षरं सिमेंटनं ओढून घेतली होती. वरून ती काळी पडलेली, पण रंगाची आतली बाजू स्वच्छ होती. फक्त उलटी. मॅगीबाईंनी पर्समधला पावडरचा आरसा काढला, लादीसमोर धरला आणि वाचायला लागल्या. पहिली ओळ वाचली आणि आरसा मेधाच्या हातात दिला. ते राहिलेलं कडवं होतं. मेधानं मला सांगितलं त्याचा अर्थ असा: रंग माझा, सूर माझा, पण मला धरलं नेडनं लिंपलेल्या भिंतीनं, पाऊस आला की माझं नको, नेडचं नाव घ्या.

मी पायरीवर जाऊन बसलो. चाळीस वर्षं मी भिंती केल्या, त्यावर दुसऱ्यांनी पाट्या लावल्या, नावं दुसऱ्यांची. एका गाणाऱ्या माणसानं गवंड्याचं नाव गाण्यात घातलं होतं, आणि ते आम्हा सिमेंटवाल्यांनीच झाकून ठेवलं होतं. मॅगीबाई येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, "डेसनं ते झाकलं, पण राखलंही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो पंख तुम्ही पाडला, मला ठाऊक आहे. तुमच्या बुटावर सिमेंट होतं. डेसच्याही असायचं." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटून आत गेल्या.

उन्हाळा संपायला आठवडा असताना इन्स्पेक्टर आला. रबरी हातोडीनं भिंत वाजवत गेला, कान लावत गेला. अनुसया त्याच्या मागं मागं, ओठ घट्ट मिटून. पार टोकाला पोचला, वळला आणि विचारलं, हे काम कोणत्या कंपनीनं केलं? मॅगीबाईंनी अनुसयाच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिच्याकडे बघतच राहिला. साडी, मोजे, जँडल्स. मग त्यानं कागदावर सही केली आणि जाताना तिला म्हणाला, "किया ओरा." इथल्या माओरी लोकांचा मानाचा नमस्कार तो. आमच्या संतोषनं आईच्या पाया पडून सांगितलं, "मी चुकलो." मी म्हणालो, रांगेत ये, माझा नंबर आधी आहे.

पंखाच्या जागी काय करायचं यावर सोसायटीत वाद झाला. कुणी म्हणालं, रंगवून घेऊ. अनुसया म्हणाली, बुवाचं बुवापाशी, आपण आपला चुना लावू. तिनं तिथं पांढराशुभ्र चुना घोटून दिला, शंखासारखा चकचकीत. आता येणारी माणसं म्हणतात, बघा, चित्रकारानं पंख कसा पांढरा ठेवलाय! आम्ही कुणाला दुरुस्त करत नाही.

उद्घाटनाला अख्खी वस्ती आली. गाणं पहिल्यांदा पूर्ण झालं. शेवटच्या कडव्यात नेडचं नाव आलं तेव्हा दोनशे माणसांनी पाय आपटले, खिडक्या हलल्या, मी भिंतीकडे बघितलं. जागची हलली नाही.

आणि सात आठवड्यांपूर्वी, तिला निरोप द्यायला आम्ही जमलो तेव्हा गुरुजींचे मंत्र झाल्यावर ती नऊ माणसं काळे कोट घालून पुढं आली. मला वाटलं दोन शब्द बोलतील. त्यांनी हातातल्या मोगऱ्या बाकावर आपटायला सुरुवात केली. मयताच्या खोलीत! गुरुजी दचकले. मग गाणं, कामाच्या लयीत, पळतं. शेवटचं कडवं आलं. नेडच्या जागी नऊही जणं म्हणाली, "अनुसया." ॲना नाही. अ-नु-स-या, सगळी अक्षरं जागच्या जागी. मेधाकडून दोन दिवस घोकून आली होती. पाऊस आला की हिचं नाव घ्या... बाहेर पाऊसच होता. तिथं मात्र मी रडलो, खोटं कशाला बोलू. पण छाती अशी फुगली होती की जॅकेटची चेन वर जाईना.

तिची थापी ते बुवाच्या ब्रशांशेजारी काचेच्या कपाटात ठेवणार होते. मी म्हणालो, अजिबात नाही, वापरायची वस्तू आहे. कपाटात आता डेसची लादी आहे, समोर आरसा लावलेला. थापी हॉलच्या दारामागं खिळ्याला टांगली आहे, खाली झाकण लावलेला मुरता चुना. गुरुवारी गाण्याआधी अर्धा तास मी जातो. टकटक करत एक फेरी मारतो, शिडीवर दोन पायऱ्या चढतो आणि पांढऱ्या पंखावर हाताची पालथी बाजू ठेवतो. मॅगीबाई चहाची किटली लावता लावता विचारतात, "कशी आहे?" मी इंग्रजीत सांगतो, "ड्राय." आणि हात काढायच्या आधी, जिनं मला बघायला पाठवलं होतं तिलाही सांगून टाकतो. कोरडी आहे. खडखडीत.